साठ शब्दांत मी

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. संकल्प एकच: कोणाचाही हेवा करायचा नाही. मुळात मी करत नाहीच, पण लेखी असलेलं बरं.

आमचा माहितीपट महोत्सवात निवडला गेला. विषय होडीवाल्या मावशी. तीस वर्षं नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेली, आता पूल झालाय, होडी बंद. गोष्ट एवढीच. पण आवाज काय आहेत! पाणी, वल्हं, मावशींचा खोकला. सगळे मी टिपलेत. दिग्दर्शकबाईंचा मेसेज आला की पुस्तिकेसाठी चौघांनी आपापला परिचय पाठवा, साठ शब्दांत. चौघे म्हणजे त्या, कॅमेरामन, एडिटरबाई आणि साउंड. क्रम त्यांनीच असा लावलाय.

५ जानेवारी
परिचय लिहून झाला. चारशे बारा शब्द. एकही काढण्यासारखा नाही. हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, 'दोन दशकांची ध्वनिसाधना' म्हणजे ते बिस्किटाच्या जाहिरातीतलं कुर्रकुर्र का? हो, तेच. ती जाहिरात अकरा वर्षं चालली. त्या एका कुर्रसाठी मी एकशे चाळीस बिस्किटं चावली आणि एक दाढ घालवली. कॅमेरामनने कलेसाठी आजवर काय घालवलंय?

८ जानेवारी, सकाळी ७
इतरांचे परिचय ग्रुपवर आलेत. वाचणार नाही.

सकाळी ७.०४
वाचले. दिग्दर्शकबाई आधी शाळेत भूगोल शिकवायच्या. पहिली फिल्म सुट्टीत उसन्या कॅमेऱ्यावर केली, मग तीन पारितोषिकं. बरं. एडिटरबाई नऊ वर्षं बातम्यांच्या चॅनेलवर राबल्या, आता त्यांना परीक्षक म्हणून बोलावतात. असेल. कॅमेरामनचा परिचय: पासपोर्ट फोटोंच्या दुकानात सुरुवात, पुढे दोन ओळी, संपलं. एकतीस शब्द! साठ दिलेले असताना एकतीसच लिहायचे, ही शुद्ध मिजास आहे. जणू काही बाकीचं लोकांना ठाऊकच आहे.

मी तीसमध्ये बसवणार.

९ जानेवारी
तीनशे नव्वदवर अडलोय.

१५ जानेवारी
कॅमेरामनला मोठ्या पडद्यावरचा सिनेमा मिळाला. फिल्मवाल्यांच्या मोठ्या ग्रुपवर अठ्ठावीस जणांनी अभिनंदन केलं. मीही अंगठा टाकला. फुलं टाकणार होतो, पण उगाच हरभऱ्याच्या झाडावर कशाला चढवा. ही स्वयंपाकघरातून विचारत होती की कपाटाची दारं का आपटताय. मी सांगितलं, आवाज तपासतोय.

२२ जानेवारी
खरी बातमी आज कळली. दिग्दर्शकबाईंना पुढची फिल्म मिळालीय. दोन वर्षांचं काम, पाच देश. जुन्या टीममधलं फक्त एकच माणूस बरोबर नेणार, बाकी सगळे तिकडचे. हे मात्र मला हवंय. मनापासून हवंय. पन्नाशी तोंडावर आलीय आणि अजून माझ्या नावावर एक बिस्किट आणि एक होडी आहे. कॅमेरामनकडे सिनेमा आहे, त्याने आता गप बसावं. तसं नीट सुचवता येईल असा मेसेज तयार केला. पाठवला नाही. माझं काम बोलेल.

२ फेब्रुवारी, दुपारी
एडिटरबाईंचा फोन! म्हणाल्या, चार महिने रोज तुमचा आवाज ऐकतेय, आता घरच्या माणसांपेक्षा जास्त ओळखीचा झालाय. आणि हसल्या. मी विचारलं, कसा वाटतो? म्हणाल्या, सोडवत नाही.

गेल्या आठवड्यापासून दिग्दर्शकबाई होडीच्या फिल्मच्या निवेदनासाठी आवाज शोधतायत. दोन अधिक दोन करायला मला गणितज्ञ लागत नाही. निवेदक म्हणून माझा आवाज, म्हणजे पुढच्या फिल्मला मीच. थंड पाणी आजपासून बंद.

६ फेब्रुवारी
सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या. बोलणं खर्जात. या आवाजात टॉवेल मागितला तर ही धावत आली, म्हणाली छातीत दुखतंय का. मुलीने फोन घेतला तेव्हा पलीकडे मैत्रीण होती, तिला सांगत होती की बाबांना काहीतरी झालंय पण ते खूश आहेत.

परिचयात 'निवेदक' हा शब्द घातला. तीसवर आणता आणता चारशे वीस झाले.

१३ फेब्रुवारी, सकाळी ११
ईमेल. सबटायटल्सच्या भाषांतरासाठी, चित्रीकरणात जे जे बोललं गेलं ते सगळं टायपिस्टकडून उतरवून घेतलंय. दोनशे चौदा पानं. चौघांनाही पाठवलंय, की तपासा आणि चुका कळवा. मी आधी नुसता शोध घेतला की 'साउंड' किती वेळा येतं. तीनशे सोळा वेळा! कॅमेरामन फक्त नऊ वेळा. मावशींच्या खालोखाल मीच. आनंदाने हिला हाक मारली, खर्जातच.

सकाळी ११.२०
पान सत्तेचाळीस उघडलं. शब्दशः उतरवतो.

मावशी: माझी आई पण हीच होडी चालवायची.
साउंड: हा बघ, परत पाण्यात कॅमेरा. पाण्यात काय दिसतंय याला, स्वतःचं थोपाड.

पान बावन्न. साउंड: बाई प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात, मावशींना घरी पाठवा. पान साठ. साउंड: हे एडिटरच्या माथी मारतील, आणि तिलाही काही कळणार नाही.

हे सगळं मी मनातल्या मनात म्हणालो होतो. मनाला माइक लावलाय हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी
दोनशे चौदा पानं कोण वाचतं? माणसं स्वतःचं नाव शोधतात आणि बंद करतात. कॅमेरामनचं नाव फक्त नऊदा आहे. थोबाडाच्या ओळीत तर त्याचं नावही नाही. गुळण्या चालू ठेवल्यात.

१४ फेब्रुवारी, दुपारी ४
कॅमेरामनचं उत्तर आलं, सगळ्यांना. एकच ओळ: 'पान ४७ वर थोबाड ऐवजी थोपाड असं टाइप झालं आहे, कृपया दुरुस्त करावं.'

खाली दिग्दर्शकबाईंचं: 'केलं.'

१६ फेब्रुवारी
माफीचं पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदात बिस्किटाची जाहिरात कशी आली कळलं नाही. फाडलं. हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, तुम्ही घरी टीव्ही बघतानाही असंच बोलता, मी आवाज वाढवते.

२० फेब्रुवारी
एडिटरबाईंनी स्टुडिओत बोलावलं. दिग्दर्शकबाई होत्या, कॅमेरामन होता. पान एकशे एकतीस दाखवलं. पूल सुरू व्हायच्या आदल्या दिवसाची शेवटची फेरी. बाई मावशींना विचारतात, उद्यापासून काय? मावशी किती तरी वेळ वल्हं मारत राहतात. मग काहीतरी बोलतात, एकच वाक्य, हळू आवाजात. पडद्यावर ओठ हलताना दिसले. ऐकू आला मी. साउंड: झालं याचं, याला आता पारितोषिक मिळणार आणि आपल्याला पाणी.

मावशींना लावलेला कॉलरचा माइक आधीच नदीत पडला होता. उरला लांब दांड्याचा माइक, आणि दांडा माझ्या हातात. एडिटरबाईंनी माझा आवाज पुसायचा चार महिने प्रयत्न केला, खाली काही उरत नाही. फोनवरचं 'सोडवत नाही' म्हणजे ते. त्यांनी विचारलं, मावशी काय म्हणाल्या, आठवतंय का? बाई तेव्हा पुढच्या टोकाला होत्या, कॅमेरामन मागच्या. मावशींच्या हाताशी मी होतो. मी म्हणालो, आठवून सांगतो.

कोणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी
आठवत नाहीये. खुर्चीत बसून डोळे मिटून पाहिलं. पाणी आठवतं, वल्हं आठवतं, कॅमेरामनचं नवं जाकीट आठवतं. बाईंनी मावशींना फोन केला होता. मावशी आता मुलीकडे असतात. म्हणाल्या, तेव्हा काहीतरी आलं होतं तोंडात, आता नाही सांगता येत.

एखादं वाक्य रचून सांगावं असंही मनात आलं. तीन रचली. तिन्ही माझीच वाटत होती.

२४ फेब्रुवारी
निवेदन ठेवायचं नाही असं ठरलंय. परिचय पाठवला. नाव आणि 'ध्वनिमुद्रण'. दोनच ओळी. पुढच्या फिल्मला कॅमेरामन जाणार, सिनेमा सोडून. अंगठा टाकला. मग फुलंही टाकली.

८ मार्च
महोत्सव. हॉल भरला होता. शेवटच्या फेरीत मावशींचे ओठ हलले आणि एडिटरबाईंनी तिथे काहीच ठेवलं नव्हतं. पाणी नाही, वल्हं नाही, काही नाही. पूर्ण हॉल गप झाला. माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी रडत होती.

बाहेर एका समीक्षकाने माझा हात धरला. म्हणाले, इतक्या वर्षांत अशी शांतता ऐकली नाही, मावशींचं वाक्य न ऐकवण्याचा निर्णय कोणाचा? वीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. कॅमेरामन शेजारीच होता. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ते सगळं यांचंच.

मी थँक्यू म्हणालो. समीक्षकांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं, स्पेलिंगही विचारलं. मी सांगितलं.

घरी आल्यावर हिने विचारलं, तुमच्या कामाचं कोणी कौतुक केलं का? मी नाही म्हणालो.