केबलवरची आई

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१६ जानेवारी १९९४

चि. दामाजी,

अनेक आशीर्वाद. कितीही राग असला तरी आधी आशीर्वाद लिहायचा, ही आईची शिस्त, म्हणून लिहिला. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या दाजींचा गुडघा थंडीने कुरकुरतो. तुझी भाची मालू संक्रांतीला येऊन गेली, तिचा बाळ आता भिंतीला धरून उभा राहतो. तुझ्या लक्ष्मीसाठी सुके सोडे काढून ठेवलेत, पण ते कोणाबरोबर तरी पाठवावे लागतील, कारण मी काही आता तुझ्याकडे मानपाड्याला येत नाही.

फोनच करणार होते. पण तुझा फोन म्हणजे केबलच्या फर्माइशींचा फोन. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कुठला पिक्चर लावू?" सख्ख्या भावाशी भांडायचं तर तिथेही नंबर लावायचा! त्यापेक्षा पत्र बरं. मध्येच तोडताही येत नाही.

त्या दिवशी तुझ्या त्या गच्चीवरच्या खोलीत मी काय काय बोलले ते मला आठवतं आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. फक्त मी का बोलले ते तुला अजून कळलेलं दिसत नाही. म्हणून सगळं पुन्हा लिहिते.

मी तुमच्या मानपाड्यात मंजुळाच्या नातवाच्या बारशाला आले होते. पाळणा व्हायचा होता, बायका जमत होत्या, कोपऱ्यात टीव्ही चालू. मी घुगऱ्यांची ताटली घेऊन बसते न बसते तोच एक पोर ओरडलं, "आली, आली! नाचणारी म्हातारी आली!" सगळ्यांनी माना वळवल्या. मीही वळवली. पाहते तर आपली आई.

आपल्या मालूच्या हळदीतली. हिरवं लुगडं, कमरेवर हात, डोक्यात अबोलीचा गजरा. आणि तिच्या पायांवरून तुझी ती जाहिरातीची पट्टी सरकत होती: साड्यांना फॉल-बिडिंग करून मिळेल, एकदा भेट द्या. आईचे पाय दिसतच नव्हते रे. ज्या पायांनी ती नाचली त्या पायांवरून फॉल-बिडिंग चाललं होतं!

बायका हसत होत्या. वाईट मनाने नाही, हेही लिहिते, कारण खोटं लिहायची मला सवय नाही. एक म्हणाली, "या वयात काय ठुमकतेय बघा!" दुसरी म्हणाली, "फोन करा त्याला, परत लावतो तो." मंजुळाला ठाऊक होतं ही माझी आई. बिचारी खाली मान घालून पाळण्याची दोरी पुन्हापुन्हा आवळत बसली. मी विचारलं, हे नेहमी लागतं का? तर म्हणे, पिक्चरची कॅसेट वेळेवर आली नाही की लागतं.

दामाजी, आईला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. जिचं वर्षश्राद्ध व्हायचं आहे, ती तुझ्याकडे पिक्चर येईपर्यंतची भरती झाली? लाज कशी वाटली नाही तुला?

मग मी तशीच तुझ्याकडे आले आणि तू काय म्हणालास? "ताय, लोकं मागतात म्हणून लावतो. माझी पण ती आईच आहे ना? आणि तू कशाला तापतेस? तुझ्याकडं तर अस्सल कॅसेट आहे, माझी नक्कल. बटण तुझ्या हातात. घरी बसून बघ की पाहिजे तेव्हा!" त्यावर मी गप्प झाले आणि लक्ष्मीच्या हातचा चहासुद्धा न घेता जिना उतरले. तुला वाटलं असेल, ताईची बोलती बंद केली. झाली होती बंद. पण तुला वाटलं त्या कारणाने नव्हे. ते पुढे जमलं तर लिहीन.

आधी तुझ्या 'लोकं मागतात'चं बघू.

हा वाद तुझा आणि दाजींचा जुनाच आहे. गणपतीत जेवणाच्या पंगतीत तुम्ही दोघे काय भांडलात! तू म्हणालास, "दाजी, ते यंत्र आता भंगारात द्या. माझी डिशची छत्री लागली की घरात व्हीसीआर ठेवायचा कशाला? फोन फिरवा, पिक्चर हजर." दाजी म्हणाले, "केबल म्हणजे खानावळ रे. ताटात येईल ते गिळायचं. व्हीसीआर म्हणजे घरचं जेवण, पाहिजे तेव्हा ऊन करून खावं." मी दोघांना वाढत होते आणि मला दोघेही सारखेच शहाणे वाटले.

कारण दाजींचं घरचं जेवणही मी पाहिलेलं आहे. बोटीवर होते तेव्हा मोठ्या हौसेने ते यंत्र आणलं. आम्ही अलिबागला गेलो तेव्हा घड्याळ लावून गेले, क्रिकेटची मॅच आपोआप टेप होणार म्हणून. मागे वीज गेली. परत येऊन बघतो तर यंत्रावर बाराचे आकडे लुकलुकतायत आणि फीत कोरी. तरी हे अर्धा तास पडद्यावरच्या त्या भुरभुरीकडे बघत बसले, म्हणे पुढे असेल. तेव्हा व्हीसीआरची बाजू मी घेते आहे असं समजू नकोस.

पण एक सांग. तुझ्याकडे एकाने मागितलं की ते सगळ्यांनी बघायचं, हा कुठला न्याय? कोणाला हसायचं असेल त्याने फोन फिरवायचा आणि जिला रडायला येतं तिने घुगऱ्या हातात धरून परक्या घरात बसायचं? टीव्ही माझा नाही, बटण माझं नाही, आई मात्र माझी! घरच्या यंत्रावर निदान दार लावून घेता येतं. आणि आई ही दार लावून बघायची गोष्ट आहे, चारशे घरांत तारेतून सोडायची नव्हे. उद्या कोणी म्हणेल, तुमची आई प्रेमाने बघतात लोक. बघू देत. मला नको त्यांचं प्रेम.

म्हणून ती कॅसेट मला देऊन टाक. दुसरं काही ऐकायचं नाही मला.

त्या दिवशी मी ती मागितली, त्यावर लक्ष्मीचा निरोप आला होता की ताईंकडे एक आहे तर दुसरी कशाला हवी. तिचं चुकलं नाही. मीच सगळ्यांना सांगत आले की माझी कॅसेट कपाटात, शालूच्या घडीत, कुलपात आहे. ती आहेच कुलपात. पण ती बघण्यासारखी राहिलेली नाही, दामाजी. माझी कॅसेट गेली. आणि ती मी घालवली.

आई गेल्यावर मी शाळेत शिकवून दुपारी घरी यायचे तेव्हा घरात कोणी नसायचं. मी कॅसेट लावायचे. आधी बायका हळदीचे धवळे गातात, मग मालूला हळद लागते, मग बेंजो सुरू होतो आणि आई उठते. नाचता नाचता ती एकदम कॅमेऱ्याकडे वळते. तिथे मी पॉजचं बटण दाबायचे. आई थांबायची. मी तिच्यासमोर बसून चहा प्यायचे, मुलांच्या वह्या तपासायचे, मेथी निवडायचे. दाजी यायच्या आत बंद करायचे. जिवंतपणी ती माझ्यासमोर इतका वेळ कधी बसलीच नाही. शेवटची वर्षं ती तुझ्याकडे राहिली, माझ्याकडे आली तरी तिचा एक पाय दारात. या वेळी कुठे जात नव्हती.

मग तिच्या कपाळावर एक पांढरी रेघ आली. मी म्हटलं, यंत्र मळलं. दुसऱ्या आठवड्यात आणखी रेघा आल्या. नौपाड्यात रामाचं दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्याकडे यंत्र आणि कॅसेट दोन्ही नेली. तो म्हणाला, "बाई, पॉज केलं की फीत थांबते, पण आतलं हेड फिरतच राहतं. एकाच जागी घासतं. तुम्ही रोज तिथंच थांबवता काय?" मी त्यालाच झापलं. म्हटलं, तुला दुरुस्त करता येत नसेल तर तसं सांग. घरी आले, आणि पुन्हा लावली, आणि पुन्हा तिथेच थांबवली. माणूस किती मूर्ख असावा, याला काही सुमार नाही.

आता तिथे तोंड येत नाही. नुसती भुरभुर येते. आवाज मात्र येतो. आणि तो आवाज काय म्हणतो हे तुला माहीत आहे, कारण तू कॅमेऱ्यामागे दिवा धरून उभा होतास. "दामू, जेवलास का रं?" हळद माझ्या लेकीची, मांडव माझ्या दारातला, मी तिच्यापासून दोन हातांवर सकाळपासून उपाशी उभी, आणि बाईसाहेब नाच थांबवून चौकशी करतायत तुझी! तेव्हाही राग आला होता, आजही येतो. आणि तेवढंच माझ्याकडे उरलं आहे. तोंड नाही, माझं नाव नाही, फक्त तू जेवलास की नाही.

त्या दिवशी मंजुळाकडे किती महिन्यांनी मी तिचं तोंड पाहिलं. ठसठशीत, कपाळावरच्या गोंदणासकट. म्हणून मी गप्प झाले तुझ्यासमोर. 'घरी बघ' म्हणालास तेव्हा काय सांगणार होते?

आता सगळ्या जगात आईचं तोंड तुझ्या त्या एका नकलेवर आहे, आणि ती तू दिवसभर चालणाऱ्या यंत्रात फॉल-बिडिंगखाली झिजवतो आहेस. ते ताबडतोब बंद कर. लोकांना सांग फीत तुटली. सांग ताई भांडकुदळ आहे. काय हवं ते सांग.

पत्र टाकण्याआधी पुन्हा वाचलं. वर मी कॅसेट देऊन टाक म्हटलं आहे. ते खोडत नाही, कारण मागणार मी नक्कीच. मालूला पाठवीन, दाजींना पाठवीन, चारचौघांत तुला अद्वातद्वा बोलेन. देऊ नकोस. माझ्या हाती आली तर मी हीसुद्धा संपवीन, मला माझी खात्री आहे. स्वच्छ फडक्यात गुंडाळून लक्ष्मीच्या ताब्यात दे. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एकदाच लाव. मी येईन. बटण तुझ्या हातात ठेव, आणि मी कितीही रडले तरी आईला पुढे जाऊ दे.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि तो राग इतक्यात न सोडणारी,
तुझी ताई,
भागीरथी