मागचा डावा दरवाजा

३ मार्च, सोमवार

मागचा डावा दरवाजा रंगवलेला आहे.

कुणी काहीही सांगो! सव्वीस वर्षं गॅरेजात गाड्या रंगवतोय मी. दुसऱ्यांच्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी नवी कोरी घेतली, तर ती माझ्या हातात पडायच्या आधीच कुणीतरी ठोकली, पुटी भरली, रंग मारला आणि उभी केली माझ्यासमोर.

सकाळी शोरूमचा फोन — काका, गाडी यार्डात आली, बघून जा. मी अर्धी रजा टाकली. ही हॉस्पिटलातून ड्यूटीचे कपडेही न बदलता थेट तिथंच आली. निळी गाडी उन्हात उभी होती. हिने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि नुसती हसत राहिली. अठ्ठावीस वर्षं दोन बस बदलून वॉर्डात जाते. गुडघे कामातून गेलेत. म्हणाली, "हीच ना आपली?"

मीही हसलो. मग सवयीने वाकलो, डोळा पत्र्याच्या पातळीला आणला. पुढच्या दरवाज्यात समोरचा खांब सरळ दिसत होता. मागच्या दरवाज्यात तोच खांब पाण्यात पडल्यासारखा हलत होता. बोटाने टकटक केलं. पुढे पत्रा वाजतो, मागे नुसता ठप्प. कडेचं रबर उचललं — आत रंगाची बारीक कड. नखाला लागते.

गाडी विकणारा तो — मी त्याला मनात गोड्या म्हणतो, जिभेवर सदा खडीसाखर — म्हणाला, "काका, ऊन आहे ना, म्हणून तसं वाटतं."

"ऊन दोन्ही दरवाज्यांवर आहे."

"कंपनीतूनच असा शेड येतो काका."

मला! शेड मला शिकवतो!

ही माझी बाही ओढत होती. अहो, लोक बघतायत.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर कामात लक्ष नाही. एका बंपरवर रंग ओघळला. माझ्या हातून! मालक लांबून बघत होता. "उस्ताद, बरं आहे ना?" म्हणाला. बरं आहे म्हटलं.

६ मार्च, गुरुवार

गॅरेजातलं रंगाची जाडी मोजायचं यंत्र पिशवीत घालून नेलं. आज थेट मॅनेजरला गाठला. त्याच्या केबिनीत इतकी थंडी की माणसाने स्वेटर घालून भांडावं!

त्याला यार्डात ओढत नेलं. पुढचा दरवाजा, एकशे दहा. टप, एकशे पाच. बॉनेट, एकशे बारा. मागचा डावा — चारशे. मधोमध नऊशे! "हे काय आहे साहेब? कंपनी एकाच दरवाज्यावर खूश होती का?"

त्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे. नखांत रंग असतोच माझ्या. तेव्हा कुठे त्याला कळलं कुणाशी गाठ आहे. आवाज एकदम मऊ. "काका, भांडायचं कशाला? सीट कव्हर आमच्याकडून. मॅट आमच्याकडून. वर एक वर्ष पॉलिश फुकट."

पॉलिश! हलवायाला साखर देतोय.

"मला दुसरी गाडी द्या," म्हटलं.

"तसं होत नाही. गाडी तुमच्या नावावर निघाली आहे."

७ मार्च, शुक्रवार

ही रागावली आहे. चहा ठेवला तो आपटूनच. "चालते ना गाडी? दार उघडतं ना? मला ड्यूटीला जायचंय, दारात तोंड नाही बघायचं."

मी म्हटलं, प्रश्न दाराचा नाही.

"मग कशाचा आहे?"

जन्मभर दुसऱ्यांचं ठोकलेलं सरळ करत आलो. एक वस्तू, फक्त एक, अशी हवी होती की जिला कुणी आधी ठोकलेलं नाही. एवढं तोंडातून निघालं नाही. निघालं ते भलतंच — "तुला काय कळतं रंगातलं!"

ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

१० मार्च, सोमवार

लेखी तक्रार घेऊन गेलो. साहेब मीटिंगमध्ये. पाण्याच्या मशीनशेजारी दोन तास बसवलं. समोर एक जोडपं नवी गाडी घेत होतं, बॉनेटवर हात ठेवून फोटो काढत होतं. मी त्यांच्या गाडीकडे बघितलं नाही. मुद्दाम. एकदा नजर गेली असती, तर मग राहवलं नसतं.

दोन तासांनी काउंटरवरची मुलगी म्हणाली, साहेब मागच्या दाराने गेले.

मागच्या दाराने! शब्द बरा सापडला तिला.

१२ मार्च, बुधवार

आज यार्डाच्या गेटवर वॉचमनशी बोलत बसलो. त्याला एक विडी दिली, त्याने दोन ओढल्या. मग बोलला. गाड्या मोठ्या ट्रकमधून उतरवतात. माझी उतरवताना फळीवरून घसरली आणि लोखंडी खांबावर गेली. "दार असं आत गेलं होतं," त्याने तळहाताची वाटी करून दाखवली. त्याच दिवशी दार काढून टेम्पोत घालून नेलं, चौथ्या दिवशी परत आणून बसवलं. फेब्रुवारीतली गोष्ट.

"कुठं नेलं?"

"ते मला काय ठाऊक. पण काम भारी केलंय हं! मलाच ओळखू येईना."

बसमध्ये त्याचं ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. काम भारी आहे. खरंच भारी आहे. सवयीने वाकलो नसतो तर मीही फसलो असतो. आणि रबराखालची ती कडसुद्धा — टेप उलटी दुमडून लावलेली, म्हणजे रेघ उमटत नाही. असं लावणारी माणसं या गावात किती? एक मी.

फेब्रुवारीत सासरे आजारी होते. मी चार दिवस रजेवर होतो.

१३ मार्च, गुरुवार

गॅरेजातल्या लांब्याला रंगाच्या बूथच्या मागे घेतलं. चौदा वर्षांपूर्वी आला तेव्हा पिचकारी कशी धरतात हे माहीत नव्हतं. आज चाळिशीचा आहे, माझ्यानंतर तोच. विचारलं, "निळा दरवाजा. मागचा डावा. तू केलास?"

"कुठला निळा? महिन्याला दहा होतात."

"फेब्रुवारीत. मी नव्हतो तेव्हा. शोरूमचा."

त्याने मास्क खाली ओढला. आठवलं त्याला. "ती तुमची होती?" चेहरा असा झाला की मला त्याला मारता येईना. "उस्ताद, नुसतं दार आलं होतं. मला काय माहीत कुणाचं!"

"विचारायचं होतंस."

"तुम्हीच शिकवलंत ना," तो म्हणाला. चिडून नाही, सरळच. "शोरूमचं काम आलं तर गाडी कुणाची ते विचारायचं नाही. आपण पत्रा बघायचा."

असं मी म्हणालो होतो? म्हणालो होतो. त्याच बूथच्या मागे.

मग जे नको ते आठवत बसलो. तीन-चार वर्षांमागे एक शाळेतल्या बाई आल्या होत्या. पांढरी गाडी, दोन वर्षांची. टपावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटत होता. टप मीच केला होता, गाडी विकली जायच्या आधी. बघताक्षणी ओळखला. त्यांनी विचारलं, "असं कशाने होतं हो?"

"उन्हाने," म्हणालो मी.

पैसे देऊन, आभार मानून गेल्या.

१५ मार्च, शनिवार

मालकाने बोलावलं. शोरूमवाल्याचा त्याला फोन आलेला. "अर्धं काम त्यांच्याकडून येतं उस्ताद. माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही, आणि या अकरा जणांच्याही."

म्हटलं, माझ्याच गाडीवर माझ्याच गॅरेजने पुटी भरली, आणि मी गप्प बसू?

"इतकी वर्षं बसलातच की."

खरं बोलणाऱ्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता.

१६ मार्च, रविवार

हिला सगळं सांगितलं. लांब्याचं, पांढऱ्या गाडीचंही. भाजी निवडत ऐकत होती. मग — "त्या बाईंना तरी सांगायचं होतंत."

बस, एवढंच.

१९ मार्च, बुधवार

आज मी उलटलो. मॅनेजरला म्हटलं, ग्राहक मंचात जातो. तो हसला — जा की, चार वर्षं चालेल. मग मी खिशातून वही काढली. शेडची वही. कुठल्या दिवशी कुठला रंग किती मिसळला ते सगळं लिहितो मी, पहिल्या दिवसापासून. शोरूमच्या कामापुढे बारीक फुली आहे. "तुमच्या एकट्याच्याच एकसष्ट फुल्या आहेत साहेब. तारीख आहे, रंग आहे, कुठला पत्रा ते आहे. मंचात नुसता माझा दरवाजा येणार नाही."

हसू उतरलं. एसीच्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम बघितला मी!

वही परत खिशात घातली. बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्या एकसष्ट लोकांसाठी एकदा तरी काहीतरी केलं, असं वाटत होतं येताना.

२४ मार्च, सोमवार

दुसरी गाडी देतायत! अशीच, हाच रंग, तीन आठवड्यांत. सीट कव्हरही देतायत. घ्या म्हटलं.

पण कागद पुढे सरकवला. तक्रार मिटली. यापुढे कुठे वाच्यता करणार नाही. ना या गाडीची, ना आधीच्या कुठल्या गाडीची. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मॅनेजर थांबला.

मालकही आला होता. शेजारच्या खुर्चीत, हात जोडल्यासारखे मांडीवर.

विचारलं, "त्या गाडीचं काय करणार?"

मॅनेजर पेन उघडून माझ्याकडे धरत म्हणाला, "ती तुमची राहिली का आता?"

पेन बराच वेळ हवेत होतं. हिचे गुडघे आठवले. अकरा जण आठवले. खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय — निळी गाडी आठवली, नवी, सरळ पत्र्याची.

सही केली.

वही त्यांनी ठेवून घेतली.

२६ मार्च, बुधवार

लांब्या जेवायला शेजारी बसत नाही. डबा घेऊन बाहेर जातो.

११ एप्रिल, शुक्रवार

गाडी घेतली. तीन तास तपासली. प्रत्येक पत्रा मोजला, रबरं उचलली, खाली झोपून बघितलं. गोड्या छत्री धरून उभा होता! एकशे दहा, एकशे आठ, एकशे बारा. कुठे हात नाही लागलेला.

चालवत हॉस्पिटलच्या दारात नेली. ड्यूटी संपून ही पायऱ्या उतरत होती, एकेक पायरी, कठड्याला धरून. मागे तिच्या वॉर्डातल्या चार-पाच सिस्टर. टाळ्या वाजवल्या त्यांनी. ही आत बसली, पट्टा लावता येईना, मी लावून दिला. सिग्नलला थांबलो तेव्हा खिडकीची काच वरखाली करून बघत होती. तीन वेळा.

"भांडलात ते बरं केलंत," म्हणाली.

हे ऐकायला महिनाभर जीव काढला. ऐकलं आणि आत काही हललं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

नवीन वही आणली. पहिल्या पानावर शेड लिहिला. शोरूमचं काम होतं, पांढरं बॉनेट. फुली केली नाही.

२७ एप्रिल, रविवार

हिच्या वॉर्डातली नवी सिस्टर आली होती. तेवीस-चोवीसची असेल, पहिलीच नोकरी. आईला घेऊन आली, गाडी दाखवायला. निळी. "अगदी तुमच्यासारखीच काकू! तुम्ही म्हणालात ना, ते लोक चांगले आहेत, दुसरी गाडी देतात पण गिऱ्हाइकाला नाराज करत नाहीत. म्हणून तिथंच गेले. आणि लगेच मिळाली. एक तयारच होती म्हणे!"

ही माझ्याकडे बघायला लागली.

मी गाडीला चक्कर मारली. मागच्या डाव्या दरवाज्याशी थांबलो. रबराखाली बोट घातलं.

"काका, तुम्ही तर रंगातले," पोरगी म्हणाली. "कशी आहे, सांगा ना."

"छान आहे," म्हणालो.