उरलेली अर्धी गोळी

आर्णी
ता. ९ डिसेंबर २०२४

चि. मैत्रेयीस मोठेबाबाचा जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. फोन सोडून पत्र काहून, म्हणशील. फोनवर बोललो तं तुझी मोठी आई बाजूच्या खाटेवरून सारं ऐकते, अन् हे तिले कळू द्यायचं नाही.

गेल्या गुरुवारी ती पडली. डाव्या अंगावरून वारं गेल्यापासून दोन वर्षांत एकटी कधी उठली नव्हती. त्या रात्री उठली अन् मोरीपाशी कोसळली. पाचले मी जागा झालो तं ती फरशीवर. डावं मनगट मोडलं, प्लास्टर आहे.

आता खरं सांगतो. डॉक्टरनं तिले झोपेची अर्धी गोळी लिहून देली. मी रोज सुरीनं दोन तुकडे करतो. उरलेला तुकडा ओल धरते, त्याचा भुगा होते. टाकून कायले द्यायचा, म्हणून चार महिन्यांपासून मीच खाऊन राह्यलो. तिच्यासाठी रात्रीतून तीन-तीनदा उठून पार थकलो होतो, बाई. गोळीनं पडल्या पडल्या डोळा लागे. पण सकाळी अंग असं आंबे, जशी रात्रभर यष्टी ढकलली.

ती हाका मारत राह्यली असंन अन् मी घोरत पडलो असंन. तिले विचारायची हिंमत होत नाही. तवापासून गोळी बंद, झोपही बंद. खुर्ची टाकून तिच्यापाशी बसतो. तू झोपेच्या तपासणीचं काम करतेस. गोळीनं माणूस एवढा मेल्यावानी होते काय?

पोरी, लोभ कमी करू नको.
तुझा मोठेबाबा,
भीमराज

नागपूर
ता. १३ डिसेंबर

ती. मोठेबाबांस सविनय जयभीम.

वि. वि. जन्मभर कंडक्टरकी केली, अर्धं तिकीट कोणाला द्यायचं ते तुम्हाला पाठ. मग ही अर्धी गोळी तुम्हाला कोणी फाडून दिली हो?

रागावले नाही. मीच रात्रपाळीनं थकलेली. लोकांच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि पडद्यावर त्यांची झोप बघत बसायचं. झोप पायऱ्यांनी उतरते. आधी हलकी, मग मधली, मग गाढ, आणि अधूनमधून स्वप्नांची. रात्रीत असे चार-पाच फेरे होतात. या गोळीनं डोळा लवकर लागतो, पण माणूस मधल्याच पायरीवर जास्त रेंगाळतो. गाढ झोप कमी होते, स्वप्नांचीही. अंग भरून निघतं ते गाढ झोपेत. म्हणून तुम्ही सात तास झोपूनही थकलेलेच.

खोटं सांगणार नाही, गोळीवर हाक ऐकू न येणं होऊ शकतं. पण चार महिन्यांची गोळी अशी एकदम बंद करू नका. झोप आणखी उडते, झटकेही येऊ शकतात. उद्याच डॉक्टरांना खरं सांगा, ते हळूहळू सोडवतील. मोठ्या आईच्या गोळीचंही विचारा. त्या गोळीनं तोल जातो.

खुर्ची सोडा, हात जोडते.
तुमचा मायेचा हात डोक्यावर असू द्या.
मैत्रेयी

आर्णी
ता. १७ डिसेंबर

चि. मैत्रेयीस मोठ्या आईचा जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. तुझे मोठेबाबा बाजारात गेलते. पोस्टमननं तुझं पत्र माह्याच हाती देलं. फोडलं. माफ कर.

पोरी, मी हाक मारलीच नव्हती.

मोरीपाशी पडली तवा तीन वाजले होते. हात असा ठणके का जीव जाते काय वाटे. दोनदा "अहो" ओठावर आलं, गिळलं. समोर हे घोरून राह्यले होते. आधी हे माह्यासाठी जागत, मंग मीच गोळीनं झोपे; दोन वर्षांत या माणसाले मी सलग झोपलेलं पाह्यलं नव्हतं. म्हटलं, तुळसे, दोन तास कळ काढ, याले झोपू दे. पदर तोंडात कोंबला अन् पाच वाजेपर्यंत पडून राह्यली.

अन् आता तू लिहितेस, का त्या गोळीनं गाढ झोप येतच नाही धड. मंग मी कायच्यासाठी पडून राह्यली व माय?

बारा दिवस झाले, खुर्चीवर बसल्या बसल्या डुलक्या खातात. डोळे खोल गेले. मले वाटे, माह्या सेवेनं कंटाळले, म्हणून बोलत नाहीत. आज त्यायले सारं सांगीन, अन् दवाखान्यात संगं जाईन. भांडले तं भांडू दे. पण मी हाक मारली नव्हती, हे त्यायले कळालं पाह्यजे.

आठवण ठेव, येत जाय.
तुझी मोठी आई,
तुळसाबाई