पिशवीत डबा नव्हता

प्रिय आई,

तुला मी आयुष्यात कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नव्हती. फोनवरही दोनच वाक्यं असायची, ‘उशीर होईल’ आणि ‘जेवून येतोय’. आज एवढं लिहायला बसलोय, कारण सकाळी सुमन मावशी आली होती. पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध. ती म्हणाली, ताईच्या साड्या आता कपाटातून काढूया. तर तुझ्या निळ्या साडीच्या घडीत ती पिशवी निघाली. कापडी, हिरव्या काठाची. आठवली?

मला लगेच आठवली. ‘अगं, ही तर तिची डब्याची पिशवी!’ मी म्हणालो. मावशीने पिशवी पलंगावर उलटी केली आणि माझ्याकडे बघत राहिली. आत एक खण होता, मोरपंखी. तांदळाची पुडी, हळकुंड, सुपारी, कुंकवाची डबी. नारळ तेवढा नव्हता.

‘डबा कसला रे? ही ओटी आहे,’ मावशी म्हणाली. ‘त्या मुलीला बघायला जायचं म्हणून माझ्याबरोबर लक्ष्मी रोडला येऊन खण घेतला होता तिने. चार दुकानं फिरवलं मला.’

आई, तू बोलली का नाहीस गं?

बोलली होतीस. मीच बोलू दिलं नाही. सगळं नीट आठवतंय, हाच तर त्रास आहे.

सायलीला घरी बोलव म्हणून तू महिनाभर मागे लागली होतीस. ‘पुरणपोळी करते, साधं जेवेल, बोलेल, जाईल.’ आणि मी काय म्हणालो? ‘घरी काय आहे बघण्यासारखं?’ बाबांनी पेपर खाली केला आणि परत वर घेतला. खडकीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, भिंतीला आलेली ओल, मागच्या गॅलरीत बाबांचे फॅक्टरीचे वाळत घातलेले कपडे. मला वाटायचं, हे बघून ती पळून जाईल. आधीच मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेलं. तेही कशासाठी, तर तिच्याबद्दल काहीबाही बोलणाऱ्या एकाचं नाक फोडलं आणि माफीपत्र लिहून द्यायला नकार दिला म्हणून! तू म्हणाली होतीस, ‘भडकू, दोन ओळींचं तर पत्र आहे.’ तेही नाही लिहिलं मी. मोबाइलच्या दुकानात काचा बदलणारा पोरगा तिला निदान भारी ठिकाणी तरी नेऊ शकतो, हे मला दाखवायचं होतं. म्हणून नाशिक रस्त्यावरची ती वायनरी. म्हणून मित्राची गाडी, एक वाजताचं टेबल आणि तुझी-तिची पहिली भेट.

वाघोलीहून सायलीला घेतलं, ती पुढे माझ्याशेजारी बसली. गाडी नारायणगावातून जात होती तेव्हा तू मागून म्हणालीस, ‘दोन मिनिटं दादाकडे थांबूया का?’ स्वतःच्या माहेरावरून जाताना! मी म्हटलं, ‘बुकिंग चुकेल.’ तू काचेतून मागे बघत राहिलीस.

पोचलो तर दारातच पाटी, बाहेरचे पदार्थ आणू नयेत. तुझ्या हातात ही पिशवी. ‘आई, इथे पण डबा आणलास?’

‘डबा नाही रे, ते...’

‘ठेव गाडीत. लाज आणू नकोस.’

तू ठेवलीस.

बागेत मात्र तू एकदम दुसरीच झालीस, हेही आठवतंय मला. लग्नाआधी तू द्राक्षांच्या बागांत कात्री घेऊन विरळणीला जायचीस, हे मला ऐकून माहीत होतं. पण तुला वेलीखाली उभं मी कधी पाहिलंच नव्हतं. माहिती सांगणारा पोरगा जातींची नावं सांगत होता आणि तू घड खालून तळव्यावर तोलून धरलास. ‘विरळणी करत नाही का तुम्ही? घड केवढा दाटलाय. आतले मणी सडतील.’

‘नाही काकू, वाइनला मणी बारीकच लागतात. साल जास्त पाहिजे.’

तू एक मणी तोंडात टाकलास. ‘खरंच सालच आहे की रे सगळी! आणि बिया केवढ्या!’ सगळे हसले. मग तू त्याला विचारलंस, छाटणी कधी करता, पानं किती ठेवता, पाऊस आला तर काय करता. तो पोरगा बाकीच्या लोकांना सोडून तुझ्याशीच बोलायला लागला. सायली तुझ्या दंडाला धरून चालत होती. चव घ्यायला दिलेला ग्लास गोल फिरवायचा असतो असं त्याने दाखवलं, तर तू म्हणालीस, ‘ताकासारखं घुसळायचं होय?’ एक घोट घेऊन तोंड वाकडं केलंस. ‘काढा आहे हा. पण घसा मोकळा होईल.’ सायलीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

मला वाटलं, लोक तुला हसतायत. तुला हसतायत म्हणजे मला हसतायत. डोकं तिथेच तापलं होतं माझं.

वर रेस्टॉरंटमध्ये बसलो. पांढरं टेबलक्लॉथ, काचेपलीकडे सगळी बाग. तू मेनूकार्ड पुढून मागून बघितलंस आणि वेटरला अगदी सहज विचारलंस, ‘दादा, भाकरी मिळेल का?’

तो वहीवरून मान वर करून काहीतरी सांगणार होता. काय सांगणार होता, कोण जाणे! त्याच्या आधी मीच ओरडलो. ‘आई, गप्प बस ना! तुला कुठे न्यायची सोयच नाही.’

शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. तू मांडीवरचा रुमाल उचललास, चार घड्या घातल्यास आणि ताटाशेजारी ठेवलास. त्यानंतर तू फक्त ‘छान आहे’ म्हणालीस. दोनदा. काय जेवलो ते मला आता सांगता येत नाही.

परत येताना सायली मागे तुझ्याजवळ बसली. तिला वाघोलीला सोडलं आणि तुझ्या मांडीवर पुन्हा ती पिशवी बघून मी काय म्हणालो? ‘खा आता तुझा डबा.’

‘घरी गेल्यावर बघू,’ तू म्हणालीस. एवढंच. आई, एक सणसणीत कानाखाली द्यायची होतीस गं!

आणि नारळ. तो कुठे गेला, ते मावशीसमोर मला सांगता आलं नाही. त्याच आठवड्यात घरी नारळाच्या वड्या होत्या. मी विचारलं, ‘आज काय विशेष?’ तू म्हणालीस, ‘नारळ पडून होता.’ मी सात-आठ खाल्ल्या. तुझ्या होणाऱ्या सुनेच्या ओटीतला नारळ मी मोबाइल बघत बघत खाल्ला. तू आमच्या लग्नाला होकार घेऊन आली होतीस आणि मी तो गाडीत ठेवायला लावला.

आता त्याहून वाईट. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तीन आठवड्यांनी सायलीने आमचं नातं संपवलं. स्पष्ट म्हणाली, ‘आईशी जो असं बोलतो, तो माझ्याशी किती दिवस गोड बोलेल? काकू मला खूप आवडल्या. तू नाही आवडलास त्या दिवशी.’ मी घरी आलो, चप्पल भिरकावली आणि तुला म्हणालो, ‘तुझ्या भाकरीमुळे गेली ती.’

तू ओट्याजवळ उभी होतीस. ‘मी बोलू का तिच्याशी? माफी मागते हवं तर.’

तू माफी मागणार! मी दार आपटून निघून गेलो. मग रोज वाटायचं, उद्या खरं सांगू. राग गेला की सांगू. राग गेला तेव्हा लाज वाटायला लागली. आणि दोन महिन्यांनी एका सकाळी दूध तापायला ठेवून तू जी खाली बसलीस, ती उठलीच नाहीस.

आज मावशी गेल्यावर मी खण खिशात घातला आणि गाडीला किक मारली. सरळ वाघोली. तिच्या दारात जाऊन सांगायचं, बघ, आईने तुला कधीच पसंत केलं होतं. येरवड्यापर्यंत गेलोसुद्धा. सिग्नलला थांबलो आणि वाटलं, हा होकार तुझा होता. तिचा नकार मला होता. तुझा खण दाखवून तिचा नकार फिरवायला निघालो होतो मी! तिथूनच वळलो.

खण परत निळ्या साडीत ठेवलाय.

पण मावशी जाताना दारात एक सांगून गेली. तू तिला म्हणाली होतीस, ‘माझ्यामुळे मोडलं गं पोराचं.’ बाबांनाही तेच सांगितलं होतंस म्हणे. म्हणूनच सायलीचं नाव निघालं की बाबा तुझ्या फोटोकडे बघतात आणि विषय बदलतात. वर्षभर ते तुला मनातल्या मनात माफ करतायत, आई. तुझी चूक नसताना.

तेव्हा शब्द देतो. आत्ता साडेचार वाजलेत. बाबांची शिफ्ट पाचला सुटते. ते सायकल लावतील, पाय धुतील. चहा मी ठेवीन. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगेन, पाटीपासून भाकरीपर्यंत, आणि ती का गेली तेही, तिच्याच शब्दांत. ते ओरडले तर उलट बोलणार नाही, उठून जाणार नाही, दार आपटणार नाही. ते काहीच बोलले नाहीत तरी बसून राहीन.

सायकलचा आवाज आला बघ. आज लवकर आले.

तुझा,
भडकू