ऋचाच्या वजनावर मी बोललो

३ ऑगस्ट, रविवार
मंगळागौरीच्या सरावातून ऋचा अर्ध्यात परत. सराव घेणाऱ्या मांजरेकर वहिनींनी माझ्या पोरीला फुगडीतून काढून मागे गाण्याला बसवलं. "आवाज गोड आहे गं तुझा. आणि फुगडीत जोडीदारीण उडून जायची." सगळ्या हसल्या म्हणे. अख्ख्या सोसायटीत तिच्यासारखी फुगडी कोणी घालत नाही. जेवली नाही.

६ ऑगस्ट
वहिनींना जिन्यात गाठलं. "भाऊ, तोंडावर ताबा ठेवायला सांगा तिला."
कसला ताबा! लहानपणी दम्यासाठी स्टेरॉइड्स, मग थायरॉईड. मालाडला रात्रपाळी, दिवसा तुटक झोप. माझी बहीणही अशीच, म्हणजे रक्तातही असणार. खेळायचं मैदान होतं तिथे आता टॉवर. हे कोणीतरी ठणकावून सांगायला हवं. मंगळवारी सोसायटीच्या मंगळागौरीला प्रमुख पाहुणा मीच.

१२ ऑगस्ट, मंगळवार
बोललो. झोप मोडणाऱ्या कंपन्या, मैदानं गिळणारे बिल्डर, औषधं, आनुवंशिकता. कोणाला सोडलं नाही. "माझी ऋचा आळशी नाही," म्हणालो. टाळ्या थांबेनात. वहिनीही वाजवत होत्या.
गाणाऱ्यांकडे पाहिलं. ऋचा मध्येच उठून गेलेली, जागा रिकामी.
घरी माझी बायको सुधा म्हणाली, "तिचं थायरॉईड माईकवर? टाळ्या तुम्हाला मिळाल्या. बघत सगळे तिच्याकडे होते."

१५ ऑगस्ट
ऋचाने बॅग भरली. मालाडला मैत्रिणीकडे राहणार.
"बाबा, जाडी म्हणतात ते मी शाळेपासून ऐकतेय. सवय आहे. आता लिफ्टमध्ये गोळ्या कुठल्या घेतेस विचारतात. माझी बाजू मांड, असं मी म्हटलं होतं का तुला?"
भर सभेत कधी अडलो नाही. इथे नुसती बॅग उचलून लिफ्टपर्यंत नेली.

१९ ऑगस्ट
माझा फोन घेत नाही. आईचा घेते. शेजारच्या सोसायटीला तेच भाषण हवंय, नाही म्हटलं. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. मग हे असं का

२४ ऑगस्ट, रविवार
कपडे न्यायला आली. सुधाने वालाचं बिरडं केलेलं, तिच्या आवडीचं. ताट वाढून घेतलं आणि आतल्या खोलीकडे निघाली.
"इथे बस ना गं."
"जेवते ना, बाबा."
दार लावलं. माझा भात पुढ्यात तसाच.
ती गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. ताट धुऊन पालथं घातलेलं. जेवली की नाही, कळलं नाही.