गोगलगाईची माती

॥ श्री ॥
सोलापूर, १० एप्रिल १९६१

सौ. अनसूयावन्सं यांस चारुशीलेचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या लेकीला, अयोध्येला, मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. नातीचं नाक तुमच्या वळणाचं, तेव्हा रागही नाकावरच असणार!

मी परत येईपर्यंत माझी गोगलगाय तुमच्या पदरात. तुमच्या भाऊंनी आजारपणात पाळलेल्यांतली ही शेवटची. ते गेल्यावर त्यांच्या हातचं जिवंत असं हेच उरलं आहे. बरणीच्या तळाला खडे, वर काळी माती, नदीची वाळू आणि उंबराचा कुजलेला पाला आहे. नुसती काळी माती ओली झाली की चिकटते, वाळली की तडकते. मुठीत धरली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. शंख बळकट राहावा म्हणून चुनखडीचा खडा असू द्या. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अशीच बरणी खिडकीत ठेवत. ओल्या पाल्याचा तो वास आला की मी अजून दोन वेण्यांची होते.

माझ्यावर लोभ आहेच, थोडा तिच्यावरही करावा.

चारुशीला

॥ श्री ॥
अणदूर, २६ एप्रिल १९६१

ती. वहिनींना अनसूयेचा शि. सा. न. वि. वि.

लिहायला हात धजत नाही. माती कुबट वाटली, म्हणून पापडांबरोबर तीही उन्हात घातली. धान्यासारखी चाळली, पाला फेकला. बरणी लई देखणी दिसत होती. पण गोगलगाय काचेला चिकटून बसली. तोंडावर पांढरा पापुद्रा आला, हलेचना. भाऊंची आठवण माझ्याच हातून गेली. शेजारचे महांतप्पा म्हणाले, आम्हा लिंगायतांत मयताला मीठ घालून समाधी देतात. उद्या सकाळी डाळिंबाखाली तसंच करीन.

लोभ मागायला आज तोंड नाही.

अनसूया

॥ श्री ॥
सोलापूर, २९ एप्रिल १९६१

वन्सं, सा. न.

मीठ घालू नका! ती मेलेली नाही. माती वाळली की ती त्या पापुद्र्याचं दार लावून झोपते. मिठानं मात्र नक्की जाईल. पत्र उशिरा पोचणार हे कळतंय, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुमच्यावर राग कसा धरू? तुमचे भाऊ गेले तेव्हा तुम्हीच मला दोन घास भरवून उभं केलंत. काहीही झालं असलं, तरी लोभ तोच.

चारुशीला

॥ श्री ॥
अणदूर, २ मे १९६१

ती. वहिनींना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्ता आलं. वाचून अंगावर काटा आला.

त्या सकाळी डाळिंबाखाली खड्डा खणला. रोजचं सांडपाणी तिथंच जातं, म्हणून माती ओली, पाला कुजलेला. तुमच्या बरणीचाच वास. तिला आत ठेवलं, मीठ आणायला गेले आणि बरणीकडं बघत रडत बसले. महांतप्पांनी हाक मारली तेव्हा वाटीभर मीठ घेऊन बाहेर आले, तर खड्डा रिकामा! शिंगं काढून स्वारी डाळिंबाच्या खोडाकडं निघालेली. मी वाटी पार रस्त्यात भिरकावली. महांतप्पा म्हणाले, बाई समाधीतून उठल्या, आता यांना नवस बोलायला हरकत नाही.

वहिनी, ज्याला मी कुबट म्हटलं त्यातच तिचा जीव होता. तुम्ही माती इतकी बारकाईनं का जपता, हे मला आता उमगलं. वाळवलेली फेकून दिली. तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्यातलीच माती, वाळू घालून, बरणीत भरली आहे. मुठीत धरून पाहिली. गोळा होतो, पाणी गळत नाही.

नातीला घेऊन या. लोभ करावा, आम्हा दोघींवर.

अनसूया