हातकणंगल्याची अक्षत

प्रिय जोतीदादा,

भागूचं लग्न ठरल्यापासून मला ज्याचा त्याचा संशय येतो. हळद दळायला आलेल्या बायका आपसात हसल्या की वाटतं, माझ्या डोळ्यांवरच हसल्या. विहीणबाईंनी परवा भागूची वेणी हातात धरून उन्हाकडे नेऊन बघितली, तेव्हापासून पोरीला मी उघड्या डोक्यानं अंगणात जाऊ देत नाही. तुझ्या दाजींनी समजूत घातली, तर त्याचाही संशय आला. हे एरवी इतकं गोड कधी बोलतात? तू हसशील. हस खुशाल. पण मी कुणाची ते तुला माहीत आहे. आबा गुळाची गाडी घेऊन बेळगावच्या कँपात गेले आणि येताना रिकाम्या गाडीत मला घालून आले. जन्म देणारी आई कँपाच्या बाजारात तापानं गेली होती, बाप गोरा सोजीर, त्याची पलटण त्याआधीच बोटीत बसून गेलेली. आपल्या आईनं गावाला सांगितलं की ही कोकणातल्या मावसबहिणीची पोरकी पोर. कोकणात घारे डोळे असतात, एवढ्या एका आधारावर माझा सगळा जन्म निभावला.

आई माझ्या केसांना लोखंडी कढईत माका उकळून लावायची, आठवतं ना? तांबडे केस काळे करता करता तिचीच बोटं काळी व्हायची. आणि पाणवठ्यावर कुणी ‘गोऱ्याची’ म्हणालं की तू तिथंच त्याच्या अंगावर जायचास. त्या पिराजीच्या कानाचा तू घेतलेला चावा सगळ्या कुरुंदवाडला माहीत आहे. घरी मार खाल्लास, पण कशासाठी चावलास ते आबांना सांगितलं नाहीस. तुझ्यासारखा भाऊ असल्यावर मला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती, आणि मी कधी कुणाला शोधलंही नाही.

तर आता खरी बातमी. होळीनंतर एका दुपारी दाराशी एक माणूस आला. रेल्वेचा निळा सदरा, डोक्याला रुमाल, नाव इकबाल. हातकणंगल्याच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलायच्या कामावर आहे. दारातूनच म्हणाला, “माघात तुमी गाडीच्या खिडकीतनं पानी मागितलासा. मीच दिलं हुतं. तुमचं डोळं बघितलं, माज्यावानीच. तवाधरनं शोधतोय.” मी म्हटलं, हा व्याह्यांनी पाठवलेला दिसतो, घराण्याची चौकशी करायला. मग वाटलं मिशनवाल्यांचा असेल. मग वाटलं, लग्नघर बघून जेवणावळीचा वास काढत आला असेल. मी दार लावून घेतलं. आठवड्यानं पुन्हा आला. तेव्हा हे घरी होते, म्हणून ओसरीवर बसू दिलं.

त्याचं म्हणणं असं की आम्ही एकाच आईबापाची. आई गेली तेव्हा कँपातल्या एका खानसाम्यानं त्याला ठेवून घेतलं आणि मला एका गुळाच्या गाडीवानानं नेलं. मी त्याला पकडायला मुद्दाम खोटंच विचारलं, आईच्या मनगटावर विंचू गोंदलेला होता ना? खोटा माणूस हो म्हणाला असता. हा आपल्या पायांकडे बघत म्हणाला, “म्हाईत न्हाय. तोंड बी ध्येनात न्हाय माज्या.” मग घाम पुसायला त्यानं डोक्याचा रुमाल काढला. दादा, त्याच्या केसांना कुणी कधी माका लावला नव्हता. गोऱ्यांच्या चाळीत त्याला काळा म्हणत, मोहल्ल्यात गोरा म्हणत. लग्नाला मुलगी कुणी दिली नाही. त्यानं हे अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

तरी माझ्या मनातला किडा गेला नाही. मी विचारलं, इतकी वर्षं कुठं होतास? आत्ताच बरा उगवलास? तेव्हा तो जे बोलला ते मी तसंच लिहिते. “खानसामा मरताना गाव सांगून गेला. गेल्या सुगीत कुरुंदवाडला गेलतो की. एक जण मोटंचा नाडा वळत बसलावता. मला बघून उठला. भाकरी दिली, दही दिलं. म्हनला, ती पोर ल्हानपनीच देवीच्या सातीत गेली.” मग त्या माणसानं त्याला नदीकाठी नेऊन बाभळीखाली माझी जागा दाखवली. इकबालनं तिथं बसून माझ्यासाठी फातिहा वाचला. तो माणूस शेजारी हात जोडून उभा होता म्हणे. इकबालनं मला विचारलं, “लई भला मानूस. कोन असंल गं त्यो?” मी म्हटलं, असेल कुणीतरी.

तेव्हापासून तुझाच संशय घेत बसले आहे. माझं नाव झाकायला बोललास? पोरीचं लग्न मोडेल म्हणून? तेव्हा तर लग्नाची बोलणीही नव्हती. मला दुसरंच वाटतं. त्याचे डोळे बघून तू ओळखलंस, की सख्खा भाऊ आला, आता आपण कोण? वेड्या, त्यासाठी मला मारून टाकलंस? तुझा इतका राग आला होता की दोन दिवस भाकरी थापताना पीठच आपटत होते. मग तू त्या रिकाम्या जागेसमोर हात जोडून उभा आहेस असं डोळ्यांपुढं आलं, आणि राग निम्मा झाला. निम्मा अजून आहे.

व्याह्यांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. हे नको म्हणत होते. आकारामबापू तालमीतला माणूस, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरगी आमी बघूनच केलीया. मामा तेवडा उभा करा म्हंजे झालं.” विहीणबाईंचं तोंड मात्र अजून वाकडं आहे. त्या मांडवात काय बोलतील याचा मला भरवसा नाही, आणि भटजींचाही नाही. पण आता लपवायचं काही उरलं नाही.

म्हणून हे पत्र. पहिली अक्षत देवाला, दुसरी मामाच्या घरी, हा आपला रिवाज. पत्रासोबत अक्षतीच्या दोन पुड्या धाडल्या आहेत. एक तुझी. दुसरी गड्याच्या हातानं पाठवायची नाही. तू स्वतः हातकणंगल्याला जायचंस आणि इकबालच्या हातात द्यायचीस. भागूच्या मागं तुम्ही दोघं उभे राहाल, नाहीतर ती जागा मी रिकामी ठेवीन. तो विचारेल, कुणाच्या लग्नाची अक्षत? तेव्हा तुझ्याच तोंडानं सांग, बाभळीखाली जिची जागा दाखवली होती, तिच्या लेकीच्या.

तुझीच बहीण,
बया